थांबण्याची किंमत

अमेरिकेत एप्रिल महिना उजाडला की महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या जगात दरवर्षी एक विधी पार पडतो. राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा नुकतीच संपलेली असते, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या काही निवडक तरुणांना ठराविक दिवसांच्या आत एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. विद्यापीठात आणखी एक वर्ष राहावे, की शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक खेळाडू व्हावे? ज्यांना जायचे असते ते ‘ड्राफ्ट’साठी, म्हणजे एनबीएच्या व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या जूनमधील सोहळ्यासाठी, आपले नाव नोंदवितात. मे महिन्यात शिकागोला चाचण्या होतात, उंची-वजन मोजले जाते, संघांचे अधिकारी मुलाखती घेतात. आणि ज्यांचे मन वा धैर्य डळमळते ते मुदत संपण्यापूर्वी नाव मागे घेऊन विद्यापीठात परततात.

२०२१ साली असे मुदतपूर्व नाव नोंदविणाऱ्यांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली होती. २०२५ साली ती शंभराच्या थोडी वर, इतकीच उरली. करोनाच्या साथीमुळे सर्वच खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाल्याने २०२१चा आकडा फुगला होता, हे खरे. परंतु त्याआधी, २०१८-१९च्या सुमारासही, तो दोनशेच्या पुढेच होता. म्हणजे काही थोड्या वर्षांत ही संख्या निम्म्यावर आली. या अवधीत अमेरिकन तरुणांना विद्येची गोडी अचानक लागली, असे मानण्यास कोणताच आधार नाही. बदलली ती एकच गोष्ट. थांबण्याला पूर्वी मोबदला नव्हता, तो आता मिळू लागला. अर्धशतकाहून अधिक काळ ‘शिक्षण की पैसा’ अशा नैतिक भाषेत जो वाद घातला गेला, तो मुळात एका बाजूची किंमत कृत्रिमरीत्या शून्यावर रोखून धरल्यामुळे निर्माण झालेला वाद होता, हे या आकड्यांनी उघडे पाडले आहे.

या बाजाराची रचना आधी पाहिली पाहिजे. एनबीएमध्ये संघ ३०. प्रत्येकाच्या नियमित खेळाडूंची संख्या १५, म्हणजे एकूण जागा ४५०. त्यापलीकडे प्रत्येक संघात तीन जण अर्धवेळ करारावर असतात. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या, निवडी सुमारे ६०. आणि त्यांतील बऱ्याच जागा युरोप-आफ्रिकेतून आलेले खेळाडू पटकावतात. उलट बाजूला अमेरिकेत पहिल्या श्रेणीची साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आणि त्यांच्या पुरुष संघांत पाच हजारांच्या आसपास विद्यार्थी. पहिल्या फेरीत निवड झाली तर पहिल्या दोन वर्षांचे वेतन निश्चित. २०२५ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग याला पहिल्या वर्षाचे सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर मिळाले, तर त्याच फेरीतील तिसाव्याला सुमारे २७ लाख. दुसऱ्या फेरीत निवड झाली तर हमी कशाचीच नाही. निवडच झाली नाही तर दुय्यम लीगमध्ये हंगामाला ४० हजार डॉलरच्या आसपास, किंवा परदेशी संघाचा शोध. तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकाच्या दोन खेळाडूंच्या कौशल्यात सुताचाही फरक नसेल, पण त्यांच्या भवितव्यात दरी पडते. निर्णय घेणाऱ्याला आपण तिसावे की एकतिसावे हे आधी कळण्याची सोय नाही, आणि एकदा नाव कायम ठेवले की परतीची वाट सामान्यतः बंद होत असे.

हा प्रश्न पडण्याचा अधिकारसुद्धा खेळाडूंना भांडून मिळवावा लागला. एनबीएचा जुना नियम असा होता, की शालान्त वर्गातून बाहेर पडल्यानंतर चार वर्षे लोटल्याखेरीज कोणाही खेळाडूला लीगमध्ये प्रवेश नाही. खेळाडू महाविद्यालयात राहो वा न राहो, चार वर्षे त्याने कुठेतरी काढलीच पाहिजेत. विल्ट चेंबरलेनसारखा अद्वितीय खेळाडू १९५८ साली कॅन्सस विद्यापीठातून एक वर्ष आधी बाहेर पडला, तेव्हा त्याला ते वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघाबरोबर गावोगाव हिंडून काढावे लागले. ही व्यवस्था विद्यापीठांना सोयीची होती, कारण गुणी खेळाडू चार वर्षे हमखास हाती राहत. व्यावसायिक संघांनाही सोयीची होती. नव्या खेळाडूंना तयार करण्याचा आणि त्यांची जाहिरात करण्याचा सारा खर्च दुसराच कोणी उचलत असे. गैरसोय फक्त खेळाडूची होती, आणि त्याचे मत कोणी विचारले नव्हते.

ते मत न्यायालयात मांडले स्पेन्सर हेवुडने. मिसिसिपी राज्यातील कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातला, दहा भावंडांतला हा मुलगा. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने सुवर्णपदक मिळविले, डेट्रॉइट विद्यापीठात एक हंगाम खेळला, आणि नंतर एबीए या त्या वेळच्या प्रतिस्पर्धी व्यावसायिक लीगमध्ये गेला. तेथून १९७० मध्ये एनबीएच्या सिॲटल संघाने त्याच्याशी करार केला, तेव्हा चार वर्षांचा नियम आडवा आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि मार्च १९७१ मध्ये हेवुडला खेळू देण्याच्या बाजूने कौल मिळाला. व्यापारातील संगनमतास प्रतिबंध करणारा कायदा खेळाच्या लीगलाही लागू होतो, हे त्यातून ठसले.

लीगने मग तोडगा काढला तो मोठा उद्बोधक आहे. जो विद्यार्थी आपली आर्थिक हलाखी सिद्ध करील त्याला चार वर्षांच्या आत व्यावसायिक होता येईल! ‘हार्डशिप’ या नावाने ओळखला गेलेला हा नियम १९७१ पासून १९७६ पर्यंत चालला. काम करून पैसे मिळविण्यासाठी आधी आपण गरीब आहोत असा दाखला आणा, अशी अट वकील, अभियंता वा गवई यांना घातल्याचे ऐकिवात नाही. १९७६ नंतर ही अट गेली आणि कोणालाही महाविद्यालयीन हक्कांवर पाणी सोडून ड्राफ्टमध्ये उतरता येऊ लागले. परंतु ‘गरजू असेल तर जा, नसेल तर थांब, आणि गरज नसताना गेलास तर तू लोभी’ हा त्या नियमामागचा भाव मात्र पुढली चार दशके वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि प्रशिक्षकांच्या भाषणांतून जिवंत राहिला.

थांबणाऱ्यांच्या कथा अर्थातच मोहक आहेत. लॅरी बर्डला १९७८ साली बॉस्टनच्या संघाने निवडले होते. तो तरीही इंडियाना स्टेट विद्यापीठात अखेरचे वर्ष राहिला, आणि मार्च १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटविरुद्ध त्याचा जो अंतिम सामना झाला त्याच्याएवढे प्रेक्षकप्रमाण दूरचित्रवाणीवर महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या दुसऱ्या कोणत्याही सामन्याला आजवर लाभलेले नाही. तो सामना हरूनही बर्डने पुढच्या हंगामासाठी वर्षाला साडेसहा लाख डॉलरचा, नवख्या खेळाडूच्या दृष्टीने तेव्हाचा विक्रमी, करार मिळविला. टिम डंकन मरणोन्मुख आईला दिलेल्या वचनाखातर वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षे राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मायकेल जॉर्डन तिसऱ्या वर्षानंतर गेला खरा, पण परत येऊन त्याने भूगोलाची पदवी पुरी केली.

या कथा खऱ्या आहेत. त्यांवरून नियम मात्र काढता येत नाही, कारण त्यांच्या शेजारी एड ओबॅननची कथा ठेवावी लागते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९९५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा आणि स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला ओबॅनन अखेरच्या वर्षापर्यंत थांबला होता. गुडघ्याची मोठी दुखापत त्याने विद्यापीठात येताच सोसली होती. एनबीएमध्ये तो जेमतेम दोन हंगाम टिकला आणि पुढे लास व्हेगासला मोटारी विकू लागला. बऱ्याच वर्षांनी एका व्हिडिओ-खेळात त्याला स्वतःचीच प्रतिमा धावताना दिसली: तोच डावखुरा हात, तोच क्रमांक. तो खेळ विकून कोणी तरी पैसे मिळवीत होते. ओबॅननला त्यातला एक डॉलरही मिळत नव्हता.

राहता राहिला शिक्षणाचा मुद्दा. नॉर्थ कॅरोलायना हे नामांकित सरकारी विद्यापीठ. त्याची बास्केटबॉलची परंपरा थोर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालातून असे दिसून आले, की तेथील एका विभागात अठरा वर्षे कागदोपत्री अभ्यासक्रम चालू होते. तास नाहीत, प्राध्यापक नाहीत, एक निबंध दिला की भरघोस गुण. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांतील जवळपास निम्मे खेळाडू होते. एनसीएए या विद्यापीठीय क्रीडा-नियामक संघटनेने २०१७ मध्ये या प्रकरणी विद्यापीठाला शिक्षा केली नाही. हे अभ्यासक्रम इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत मिळाली असे म्हणता येत नाही, असा तिचा युक्तिवाद. जी संघटना विद्यार्थ्याने फुकट जेवण स्वीकारले तर त्याला सामन्यांतून बाद करीत असे, तिला खोटे शिक्षण आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे वाटावे, यावर वेगळे भाष्य नको.

मग अर्थशास्त्राच्या दृष्टीने थांबणारा नेमके काय गमावतो? सामान्य समज असा, की तो पहिल्या वर्षाचा पगार गमावतो. ही समजूत चुकीची आहे. १९९४ साली ग्लेन रॉबिन्सन या नवख्या खेळाडूने दहा वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार पदरात पाडून घेतल्यावर मालक हादरले आणि १९९५ पासून पहिल्या फेरीतील नवागतांचे वेतन क्रमांकानुसार ठरवून टाकण्यात आले. बाजारभावाने वेतन मिळण्यासाठी हा नियतकालिक करार संपण्याची वाट पाहावी लागते. खेळाडूच्या कारकिर्दीचा शेवट त्याच्या गुडघ्यांच्या आणि पाठीच्या हाती असतो. सुरुवात एक वर्ष पुढे ढकलली म्हणून शेवट एक वर्ष पुढे सरकत नाही. तेव्हा विद्यापीठात काढलेले जादा वर्ष वजा होते ते कारकिर्दीच्या ऐन भरातील, सर्वाधिक वेतनाच्या वर्षांतून. त्यातच एनबीएमधील कमाल वेतनाची मर्यादा सेवेची वर्षे पाहून वाढते. एकोणिसाव्या वर्षी ही घड्याळे सुरू करणारा आणि बाविसाव्या वर्षी सुरू करणारा यांच्या आयुष्यभराच्या मिळकतीत कोट्यवधी डॉलरचा फरक पडू शकतो. नवागतांचे वेतन बांधून टाकण्याचा परिणाम म्हणून मुले अधिक लवकर विद्यापीठ सोडू लागली, यात नवल काहीच नाही. स्वस्तात राबण्याची वर्षे ठरलेलीच असतील, तर ती लवकर उरकून घेणे शहाणपणाचे.

याला उत्तर म्हणून मानवी भांडवलाचा सिद्धान्त पुढे केला जातो: थांबणारा स्वतःत गुंतवणूक करतो, कौशल्य वाढवितो, त्याचा क्रमांक सुधारतो. काहींच्या बाबतीत हे घडते. इतरांच्या बाबतीत जादा वर्ष म्हणजे संघांना त्यांचे दोष पाहण्यासाठी मिळालेले जादा वर्ष ठरते. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ साली पहिल्या काही क्रमांकांत निवडला जाईल असा सर्वांचा अंदाज होता. तो थांबला, दरम्यान पाठीचे दुखणे उघड झाले आणि २०१२ साली त्याची निवड एकविसाव्या क्रमांकावर झाली.

फ्लोरिडा विद्यापीठाचे उदाहरण याहून बोलके आहे. २००६ साली राष्ट्रीय विजेतेपद जिंकल्यावर योआकिम नोआ, अल हॉरफर्ड, कोरी ब्रूअर आणि टॉरियन ग्रीन या दुसऱ्या वर्षाच्या चौघा मित्रांनी एकत्र थांबायचे ठरविले. नोआ त्या वर्षी पहिल्याच क्रमांकावर निवडला जाऊ शकला असता असे मानले जात होते. चौघे राहिले, २००७ साली पुन्हा विजेते झाले, आणि त्यानंतर हॉरफर्ड तिसऱ्या, ब्रूअर सातव्या व नोआ नवव्या क्रमांकावर निवडला गेला. निष्ठेची आणि मैत्रीची ही कथा अमेरिकेत वारंवार सांगितली जाते. ती सांगताना एक तपशील बहुधा मागे राहतो. नोआचे वडील म्हणजे १९८३ साली फ्रेंच टेनिस स्पर्धा जिंकणारे यानिक नोआ. हॉरफर्ड आणि ग्रीन या दोघांचे वडील एनबीएमध्ये खेळलेले. चौघांपैकी तिघे व्यावसायिक खेळाडूंचे चिरंजीव होते. घरात चूल पेटण्याची भ्रांत नसेल तर भविष्यकाळातील डॉलरला आजच्या डॉलरइतकाच भाव देता येतो. ज्याची आई दोन पाळ्यांत काम करते त्याच्या हिशेबात उद्याचा डॉलर बराच घटतो. थांबण्याचे धैर्य ज्याला लोक चारित्र्य म्हणतात, त्यात बापाच्या बँकखात्याचा वाटा किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

धोका इतका खरा होता की खुद्द एनसीएएने १९९० पासून गुणी खेळाडूंसाठी अपंगत्व विमा योजना चालविली. विम्याचा हप्ता भावी कमाईच्या भरवशावर कर्ज काढून भरायचा! म्हणजे ज्याच्या श्रमाचे मोल शिष्यवृत्तीपलीकडे शून्य आहे असे संघटना न्यायालयात सांगत होती, त्याच्याच श्रमाचा लाखो डॉलरचा विमा तिच्या आश्रयाखाली उतरविला जात होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध खेळताना सामना सुरू होऊन मिनिटही उलटले नसेल तोच त्याचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला, तेव्हा ‘हा मुलगा अजून फुकट का खेळतो आहे’ हा प्रश्न प्रथमच घराघरांत विचारला गेला. विल्यमसन त्यातून सावरला आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तो प्रश्न मात्र मागे राहिला.

विल्यमसन तेव्हा ड्यूकमध्ये होता तो २००५ सालच्या एका करारामुळे. १९९५ साली केव्हिन गार्नेट, १९९६ साली कोबी ब्रायन्ट आणि २००३ साली लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट एनबीएमध्ये आले. या वाटेवर ठेचकाळलेलेही होते. शाळकरी वयात लेब्रॉनच्या बरोबरीचा गणला गेलेला लेनी कूक २००२ साली कोणीच निवडला नाही आणि तो एनबीएमध्ये कधी खेळलाच नाही. परंतु मायकेल मॅकॅन या कायदेतज्ज्ञाने २००४ साली आकडेवारी मांडून दाखविले, की शाळेतून थेट येणारे खेळाडू एकंदरीत इतरांहून सरसच ठरले होते. तरीही एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २००५ च्या करारात किमान वय १९ आणि शाळा सोडून एक वर्ष ही अट आली. हा करार ज्यांच्यावर बंधन घालत होता ती शाळकरी मुले अर्थातच त्या संघटनेची सभासद नव्हती. मालकांना एक वर्ष जास्त पारखून घेता आले, विद्यापीठांना भावी तारे एका हंगामापुरते का होईना फुकट मिळाले. पहिल्या सत्रात मोजके विषय पार पाडले की दुसऱ्या सत्रात हंगाम संपेतो खेळता येई. त्यानंतर वर्गात बसण्याचे प्रयोजन उरत नसे. २०१६ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला बेन सिमन्स लुइझियाना स्टेट विद्यापीठात असताना एका प्रतिष्ठेच्या पुरस्काराच्या यादीतून गळला, तो किमान गुणांची अट पुरी न केल्यामुळे. त्याने विद्यापीठात काय शिकावे अशी अपेक्षा होती, हे कोणालाच सांगता आले नसते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली आर्थिक संस्था ओळखणे अवघड नाही. मानवी भांडवलाचा सिद्धान्त ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्या गॅरी बेकर यांनीच १९८७ साली ‘बिझनेस वीक’मधील लेखात एनसीएएला कार्टेल म्हटले होते. खरेदीदार एकत्र येऊन ठरवितात की श्रमाला ठराविक भावापेक्षा अधिक कोणी द्यायचा नाही. यालाच क्रेत्यांची मक्तेदारी म्हणतात. पण पैसा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या वाटेने वाहतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. २०१६ मध्ये त्यांना २०३२ पर्यंतची मुदतवाढ मिळाली ती आणखी ८.८ अब्जांना. केंटकी विद्यापीठाने प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याशी २०१९ साली दहा वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. खेळाडू फुकट असल्यावर त्यांना वळवून आणणाऱ्याची किंमत वाढणार, हे उघड आहे. त्या खेळाडूंपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि पैसा घेणारे बहुसंख्य गोरे, ही वस्तुस्थिती अमेरिकेत तरी दुर्लक्षिता येण्यासारखी नाही.

कार्टेल मोडले ते न्यायालयात. मोटारी विकणाऱ्या एड ओबॅननने २००९ साली दावा लावला आणि २०१४ साली न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून विद्यार्थी-खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. अखेर जून २०२५ मध्ये त्याच विल्केनबाईंनी मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्याच वर्षी यॅक्सेल लेंडेबोर्ग हा अलाबामातील एका विद्यापीठाचा खेळाडू पहिल्या फेरीच्या अखेरीस निवडला जाण्याची शक्यता असताना ड्राफ्टमधून मागे फिरला आणि मिशिगन विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला ३० लाख डॉलरच्या आसपास मिळणार असल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे एनबीएतील तिसाव्या क्रमांकाच्या वेतनाइतके किंवा थोडे अधिकच. त्याला कोणी लोभी म्हटले नाही, निष्ठावंतही म्हटले नाही. हिशेब साधा होता.

पैशाखेरीज थांबणारे नाहीतच, असे मात्र नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडी हा कॅनडाचा नागरिक. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर असल्याने त्याला अमेरिकेच्या भूमीवर इतरांप्रमाणे जाहिरातीचे पैसे घेण्याची सोय नव्हती. ज्या मराठी घरांतील मुले याच व्हिसावर अमेरिकेत शिकली आहेत त्यांना या अटीची धग सांगायला नको. ईडी २०२३ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला, ड्राफ्टमध्ये मात्र त्याला फारसा भाव दिसेना. तो परतला, पुन्हा सर्वोत्तम ठरला आणि २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला. केंटकीचा ऑस्कर चिब्वे हा काँगोचा तरुणही २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू, तोही थांबला. २०२३ मध्ये त्याला कोणीच निवडले नाही.

सिम भुल्लर या पंजाबी आईबापांच्या पोटी कॅनडात जन्मलेल्या साडेसात फुटी तरुणाने न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठ दोन वर्षांनी सोडले, तेव्हा, २०१४ साली, त्याला थांबण्यासाठी देऊ करण्यासारखे विद्यापीठाजवळ काही नव्हते. ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या सॅक्रामेन्टो संघाने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतले आणि एनबीएमध्ये खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. तो तीन सामने खेळला. आज तोच मुलगा त्याच जागी असता, तर ज्याला मध्यम दर्जा म्हणावा त्या खेळाडूला दोन वर्षे अधिक शिकण्यासाठी आणि खेळण्यासाठी विद्यापीठे आपसांत चढाओढ करीत राहिली असती. अर्थात परदेशी नागरिक म्हणून व्हिसाची अडचण त्यालाही आली असतीच. जुन्या व्यवस्थेने सर्वाधिक नुकसान केले ते अशा मधल्या फळीचे. जॉर्डन आणि डंकन यांना दोन्ही वाटांनी वैभवच मिळणार होते.

आता नव्या व्यवस्थेची बिले येऊ लागली आहेत. खेळाडूंना दरवर्षी विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाल्याने चार वर्षांत चार विद्यापीठे पाहिलेला विद्यार्थी दुर्मीळ राहिलेला नाही, आणि एका विद्यापीठाचे श्रेयांक दुसऱ्यात पुरते मोजले जात नाहीत. तेव्हा थांबणारे वाढले तरी पदवी घेणारे त्याच प्रमाणात वाढतील असे गृहीत धरता येत नाही. छोट्या विद्यापीठांनी दोन वर्षे घडविलेला खेळाडू तिसऱ्या वर्षी श्रीमंत विद्यापीठ उचलून नेते, आणि घडविणाऱ्याला त्याबद्दल काही मिळत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचे तयार खेळाडू जागा अडवून बसल्याने अठरा वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी शिष्यवृत्त्या आक्रसल्या आहेत. पूर्वी जो भार ताऱ्यांच्या खांद्यावर होता त्याचा काही भाग या अनामिक मुलांवर सरकला आहे. तरीही कोणाच्या श्रमाचा भाव संगनमताने शून्यावर ठेवून दुसऱ्याच्या शिक्षणाची सोय करावी, असे या कारणाने म्हणता येणार नाही. त्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी प्रक्षेपणाच्या अब्जावधी डॉलरमधून काय काढून ठेवायचे, हे विद्यापीठांना आता स्वतःच्या तिजोरीकडे पाहून ठरवावे लागेल. खेळाडूच्या खिशाकडे पाहून नव्हे.

दरम्यान दार दुसऱ्या बाजूनेही उघडले आहे. नायजेरियाचा जेम्स नाजी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एकतिसाव्या क्रमांकावर, म्हणजे हमीची रेघ संपल्यानंतरच्या पहिल्याच जागी, निवडला गेला होता. एनबीएमध्ये त्याला खेळायला मिळाले नाही आणि तो युरोपात व्यावसायिक म्हणून खेळत राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्ससच्या बेलर विद्यापीठाने त्याला प्रवेश दिला आणि एनसीएएने त्याला विद्यार्थी म्हणून खेळण्याची परवानगी दिली. इतर प्रशिक्षकांनी यावर जोराची ओरड केली. त्या ओरडणाऱ्यांचे स्वतःचे वेतन लाखो डॉलरच्या घरात होते.